बुलढाण्याचे ७ आमदार गोव्याच्या ४० आमदारांपेक्षा 'जड' कसे? राष्ट्रपती निवडणुकीतलं महाराष्ट्राच्या मताचं गणित

गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत. बुलढाणा जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या विधानसभेत ७ आमदार जातात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र गोव्याच्या सगळ्या ४० आमदारांच्या मतांचं मिळून मूल्य होतं ८००, आणि बुलढाण्याच्या ७ आमदारांचं होतं १,२२५. मणिपूरचे ६० आमदार एकत्र केले तरी १,०८० च होतात. म्हणजे त्यांच्यापुढेही आपला एकटा जिल्हा भारी पडतो.

राष्ट्रपती निवडणूक आली की 'महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५' हे वाक्य बातम्यांत हमखास दिसतं. हा आकडा कुठून आला, तो पन्नास वर्षं का बदलला नाही, आणि मलकापूर किंवा मेहकरमध्ये रांगेत उभं राहून आपण दिलेल्या मताचा राष्ट्रपती भवनाशी काय संबंध, हे सगळं एकदा नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

• राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार त्यांना निवडतात. दिल्ली आणि पुद्दुचेरीच्या आमदारांनाही मत असतं.
• विधान परिषदेच्या आमदारांना मत नसतं. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नसतं.
• आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं, तेही १९७१ च्या जनगणनेतल्या.
• मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. त्यामुळे आपल्या आमदारानं कुणाला मत दिलं, हे आपल्याला अधिकृतपणे कधीच कळत नाही.

१७५ हा आकडा आला कुठून?

राज्यघटनेच्या ५५ व्या कलमात याचं सूत्र आहे. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेतल्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि जे उत्तर येईल त्याला पुन्हा १,००० नं भागायचं.

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ नं भागलं की साधारण १ लाख ७५ हजार येतात. त्याला १,००० नं भागलं की १७५. बस, एवढंच.

याच सूत्रानं उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं होतं, तामिळनाडूचं १७६ चं, बिहारचं १७३ चं, गोव्याचं २० चं आणि सिक्कीमचं अवघं ७ चं. गोव्यात १९७१ साली सुमारे ८ लाख लोक राहत होते. तेवढ्या लोकांचे ४० आमदार असतील, तर एकेकाच्या वाट्याला थोडंच येणार.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २८८ आमदारांना १७५ नं गुणलं की महाराष्ट्राचं एकूण मूल्य येतं ५०,४००. म्हणजे फिरून आपण १९७१ च्या लोकसंख्येच्या हजाराव्या भागावरच आलो. त्यामुळे एखाद्या राज्यानं आमदारांची संख्या वाढवली तरी राष्ट्रपती निवडणुकीत त्या राज्याचं वजन वाढत नाही. प्रत्येकाच्या मताचं मूल्य तेवढं कमी होतं, इतकंच. राज्याचं वजन ठरवते ती लोकसंख्या.

या हिशोबात उत्तर प्रदेश ८३,८२४ मूल्यासह पहिल्या क्रमांकावर आहे आणि महाराष्ट्र दुसऱ्या.

मग खासदाराचं मत किती?

देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं, म्हणजे ७७६ नं, भागायचं. २००७ मध्ये सगळ्या आमदारांचं मिळून मूल्य ५,४९,४७४ होतं. त्यामुळे एका खासदाराचं मत आलं ७०८ चं.

यामागचा विचार असा की राज्यं आणि संसद या दोघांचा राष्ट्रपती निवडण्यातला वाटा जवळपास सारखा असावा. राष्ट्रपती फक्त दिल्लीतल्या बहुमताचे नसावेत, राज्यांचेही असावेत.

२०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती. आमदारांची बेरीज कमी झाली, म्हणून खासदाराच्या मताचं मूल्यही ७०८ वरून ७०० वर आलं.

बुलढाणा जिल्ह्याचा हिशोब

जिल्ह्यात आज विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत : मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. ७ गुणिले १७५ म्हणजे १,२२५. राज्याच्या ५०,४०० मध्ये हा वाटा साधारण २.४ टक्के होतो.

राज्याच्या आत सगळ्या आमदारांच्या मताचं मूल्य सारखंच असतं. मुंबईतला आमदार असो की सिंदखेड राजाचा, १७५ म्हणजे १७५. मतदारसंघात मतदार किती, शहर किती मोठं, याचा इथे काही संबंध नाही.

खासदाराचं मत यात मिळवायचं तर थोडी गंमत आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर बुलढाणा लोकसभा मतदारसंघात जिल्ह्यातले सहाच विधानसभा मतदारसंघ येतात. मलकापूर जोडलं गेलंय रावेर लोकसभेला, शेजारच्या जळगाव जिल्ह्याबरोबर. म्हणजे मलकापूरकरांचा आमदार बुलढाणा जिल्ह्याच्या हिशोबात, पण खासदार रावेरचा. रावेर मतदारसंघातल्याच मुक्ताईनगरचा उल्लेख पुढे येणार आहे, तो ध्यानात ठेवा.

एकच जिल्हा, तीन राज्यं

बुलढाण्याच्या आमदारांनी राष्ट्रपती निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा ते महाराष्ट्राचे आमदार नव्हते.

देशात पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली १९५२ च्या मे महिन्यात. त्या वेळी बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे वऱ्हाडातले जिल्हे मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसाद विरुद्ध के. टी. शाह या लढतीत बुलढाण्याच्या आमदारांची मतं मध्य प्रदेशच्या खात्यात मोजली गेली. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० आणि शाह यांना ९२,८२७ मतमूल्य मिळालं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीत बुलढाण्याचे आमदार गुजराती आमदारांबरोबर एकाच विधानसभेचे सदस्य म्हणून मतदार होते.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये डॉ. राधाकृष्णन निवडून आले, तेव्हा जिल्ह्यानं पहिल्यांदा 'महाराष्ट्र' म्हणून मत दिलं. दहा वर्षांत तीन निवडणुका आणि तीनही वेळा वेगळं राज्य. लोक तेच, गावं तीच, पण राष्ट्रपती निवडणुकीत त्यांचं वजन कोणत्या राज्याच्या नावावर मोजायचं, हे नकाशावरच्या रेघेनं ठरवलं.

१९६९ : एक मराठी उमेदवार आणि दुसऱ्या पसंतीची मतं

राष्ट्रपती निवडणुकीत मतपत्रिकेवर एकच शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम द्यायचे असतात. वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मूल्य ज्याला मिळेल, तो विजयी. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढं मिळालं नाही, तर सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती इतरांच्या खात्यात जाते.

बहुतेक वेळा पहिल्या फेरीतच निकाल लागतो. १९६९ मध्ये तसं झालं नाही.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. अपक्ष म्हणून उभे होते व्ही. व्ही. गिरी. तिसरे महत्त्वाचे उमेदवार होते सी. डी. देशमुख, म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता.

इंदिरा गांधी यांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला मत द्या असं सांगण्याऐवजी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असं आवाहन केलं. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. कुणीच पोहोचलं नाही.

मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुढची पसंती रेड्डींना दिली होती, पण गिरींना थोडीच मतं हवी होती आणि तेवढी मिळाली. शेवटचे आकडे होते गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक १५ हजारांपेक्षाही कमी. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

पक्षाचा आदेश एक आणि मत दुसरीकडे, हे राष्ट्रपती निवडणुकीत किती लांबवर जाऊ शकतं, याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

२००७ : हायवेच्या दोन्ही टोकांची उमेदवार

महाराष्ट्राच्या दृष्टीनं सगळ्यात रंगलेली निवडणूक २००७ ची.

यूपीएनं १४ जूनला राजस्थानच्या तेव्हाच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर केलं. समोर होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत. ते अपक्ष म्हणून उभे होते आणि भाजपप्रणीत एनडीएचा त्यांना पाठिंबा होता. याच शेखावतांनी २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सुशीलकुमार शिंदे यांना हरवलं होतं.

प्रतिभाताईंचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. १९६२ मध्ये त्या जळगावमधून आमदार झाल्या. पुढे १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादमधून निवडून आल्या. एदलाबाद म्हणजेच आजचं मुक्ताईनगर. तिथून निघालं की पुढचा तालुका मलकापूर, म्हणजे बुलढाणा जिल्हा. त्यांचं सासर अमरावतीचं. १९९१ मध्ये त्या अमरावतीच्या खासदारही झाल्या.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. जुना राष्ट्रीय महामार्ग ६ जळगावहून निघतो, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा, खामगाव करत अकोल्यावरून अमरावतीला जातो. उमेदवाराचं माहेर या रस्त्याच्या एका टोकाला, सासर दुसऱ्या टोकाला आणि मधोमध बुलढाणा जिल्हा.

खरा पेच होता शिवसेनेपुढे. सेना एनडीएत होती, भाजपशी युती होती. युतीचा धर्म पाळायचा तर शेखावतांना मत द्यायचं. पण समोर पहिल्यांदाच मराठी व्यक्ती राष्ट्रपती होण्याची संधी होती. बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला.

याचा परिणाम काय झाला, ते बुलढाणा जिल्ह्यापुरतं मोजून पाहू. त्या वेळी बुलढाणा आणि मेहकर इथे शिवसेनेचे आमदार होते आणि बुलढाण्याचे खासदारही शिवसेनेचेच होते. दोन आमदारांचे ३५० आणि खासदाराचे ७०८ मिळून १,०५८. पक्षाच्या भूमिकेप्रमाणे हे वजन शेखावतांच्या पारड्यातून निघून प्रतिभाताईंच्या पारड्यात गेलं. एका बाजूचं १,०५८ कमी झालं आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच वाढलं, म्हणजे दोघांमधलं अंतर २,११६ नं बदललं. गोव्याच्या आख्ख्या विधानसभेच्या अडीच पटीहून जास्त फरक, तोही एका जिल्ह्यातल्या एका पक्षाच्या तीन मतांमुळे.

मतदान १९ जुलैला झालं, मोजणी २१ जुलैला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळालं. २५ जुलै २००७ ला त्यांनी शपथ घेतली. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महाराष्ट्रीय.

अंतर तीन लाखांहून जास्त होतं. त्यामुळे सेनेच्या मतांशिवायही त्या जिंकल्या असत्या, असं आकडे सांगतात. तरीही त्या निर्णयाचं महत्त्व कमी होत नाही. राष्ट्रपती निवडणुकीत युती आणि आघाडीच्या भिंती ओलांडता येतात, हे महाराष्ट्रानं त्या वेळी स्पष्ट पाहिलं.

नंतरच्या निवडणुकांत काय झालं?

२०१२ : एनडीएतल्या भाजपनं पी. ए. संगमा यांना पाठिंबा दिला. शिवसेनेनं मात्र पुन्हा वेगळी वाट धरली आणि काँग्रेसचे प्रणव मुखर्जी यांना मतं दिली. मुखर्जी ७,१३,७६३ मतमूल्य घेऊन विजयी झाले.

२०१७ : या वेळी सेना भाजपबरोबर राहिली. रामनाथ कोविंद यांना ७,०२,०४४ आणि मीरा कुमार यांना ३,६७,३१४ मतमूल्य मिळालं.

२०२२ : शिवसेनेत नुकतीच फूट पडली होती. तरी एकनाथ शिंदे आणि उद्धव ठाकरे या दोघांनीही द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. ठाकरेंचे आघाडीतले साथीदार काँग्रेस आणि राष्ट्रवादी मात्र यशवंत सिन्हा यांच्या बाजूनं होते. महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आणि सिन्हांना ९८ आमदारांची मतं मिळाली. देशभराचा निकाल होता ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७.

चारपैकी तीन निवडणुकांत महाराष्ट्रातल्या एका मोठ्या पक्षानं आपल्या मित्रपक्षांच्या विरुद्ध बाजूला मत दिलं. दुसऱ्या कोणत्याही मतदानात असं झालं असतं, तर सरकारं पडली असती. इथे तसं काहीच झालं नाही. कारण पुढे आहे.

व्हिप का नसतो?

विधानसभेत विश्वासदर्शक ठराव असेल, तर पक्ष व्हिप काढतो. तो मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जाऊ शकते. राष्ट्रपती निवडणूक हे सभागृहातलं कामकाज नाही. आमदार इथे सभागृहाचा सदस्य म्हणून नव्हे, तर मतदार म्हणून मत देतो. म्हणून व्हिप लागू होत नाही.

शिवाय मतदान गुप्त असतं. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारानं मत दिल्यावर मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. राष्ट्रपती निवडणुकीत कुणालाच दाखवायची नसते.

खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी असते. पसंतीक्रम लिहायला निवडणूक आयोगानं दिलेलाच पेन वापरावा लागतो. दुसऱ्या पेननं लिहिलं तर मत बाद. '१' हा आकडाच लिहिला नाही, तरी मत बाद.

महाराष्ट्राचे आमदार मुंबईत विधान भवनात मतदान करतात. नंतर मतपेटी विमानानं दिल्लीला जाते. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी विमानात वेगळं तिकीट काढलं होतं, प्रवाशाच्या नावाच्या जागी 'मिस्टर बॅलट बॉक्स'. पेटी सामानात न टाकता अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटवर नजरेसमोर ठेवायची, म्हणून ही सोय.

गुप्त मतदानाची एक बाजू चांगली आहे. आमदारावर पक्षाचा, पैशाचा किंवा धमकीचा दबाव टाकणाऱ्याला त्याचा उपयोग झाला की नाही, हे पडताळून पाहता येत नाही. दुसरी बाजू तुमच्या-माझ्यासाठी महत्त्वाची आहे. निकालानंतर राज्यवार आकडे कळतात, जसे १८१ आणि ९८. पण त्यात आपल्या मतदारसंघाचा आमदार कोणत्या बाजूला होता, हे कळत नाही. तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच आपल्या हातात. आपण दिलेल्या मताचं पुढे काय झालं, हे मतदारालाच न कळणारी ही निवडणूक आहे.

अमेरिकेतही असं होतं का?

अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्षासाठी मत देतात असं दिसतं, पण तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक राज्य काही 'इलेक्टर' निवडतं आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडतात. हे इलेक्टर कसे निवडायचे, हे त्यांच्या घटनेनं राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं आहे. एकोणिसाव्या शतकात काही राज्यांत लोकांना मतच नव्हतं. आमदारच इलेक्टर निवडायचे. साउथ कॅरोलायनामध्ये हे १८६० पर्यंत चाललं.

सगळ्यात थरारक किस्सा कोलोरॅडोचा. कोलोरॅडो १ ऑगस्ट १८७६ ला राज्य झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. लोकांचं मतदान न घेता नव्या राज्याच्या विधिमंडळानंच ३ इलेक्टर निवडले, तिघेही रिपब्लिकन उमेदवार रदरफोर्ड हेज यांचे. देशभरात लोकांची जास्त मतं मिळाली होती विरोधातल्या सॅम्युएल टिल्डन यांना. काही राज्यांतल्या २० इलेक्टरांवर वाद झाला, त्यासाठी खास आयोग नेमला गेला आणि आयोगानं ते सगळे हेज यांना दिले. शेवटचा निकाल लागला १८५ विरुद्ध १८४.

एका मतानं. कोलोरॅडोचे ते ३ इलेक्टर टिल्डनकडे गेले असते किंवा तिथे निवडणूकच झाली नसती, तर हेज राष्ट्राध्यक्ष झाले नसते. जेमतेम तीन महिन्यांच्या राज्यातल्या मूठभर आमदारांनी ठरवलेली मतं सगळ्या देशाला पुरून उरली.

आपल्याकडची पद्धत यापेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. भारतात 'महाराष्ट्र जिंकला' असं काही नसतं. प्रत्येक आमदाराचे १७५ स्वतंत्र मोजले जातात. म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्राचं वजन दोघांत वाटलं गेलं, सगळं एकीकडे गेलं नाही.

घड्याळ १९७१ ला का थांबलं?

मूळ घटनेप्रमाणे ताज्या जनगणनेची लोकसंख्या धरायची होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ती १९७१ वर गोठवली. कारण कुटुंब नियोजन. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्यांचं राजकीय वजन त्यामुळेच कमी व्हावं, हे बरोबर नाही, असा त्यामागचा विचार होता. ही मुदत २००० पर्यंत होती. ८४ व्या घटनादुरुस्तीनं ती वाढवली. आता २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चेच आकडे चालतील.

घड्याळ पुढे सरकलं तर काय होईल? २०११ ची जनगणना आणि आजची आमदारसंख्या धरून हिशोब केला, तर एका आमदाराच्या मताचं मूल्य असं येतं :

• उत्तर प्रदेश : आज २०८, नव्या हिशोबात ४९६
• बिहार : आज १७३, नव्या हिशोबात ४२८
• महाराष्ट्र : आज १७५, नव्या हिशोबात ३९०
• तामिळनाडू : आज १७६, नव्या हिशोबात ३०८
• केरळ : आज १५२, नव्या हिशोबात २३९

आकडे सगळ्यांचेच वाढतात, म्हणून नुसत्या वाढीला अर्थ नाही. एकमेकांशी तुलना पाहायची. आज बिहारचा आमदार महाराष्ट्राच्या आमदारापेक्षा दोन अंकांनी मागे आहे, तो बराच पुढे निघून जाईल. तामिळनाडूचा आमदार आज आपल्यापेक्षा एका अंकानं पुढे आहे, तो खूप मागे पडेल. महाराष्ट्र मधोमध आहे. दक्षिणेपेक्षा त्याचं वजन वाढेल आणि उत्तरेच्या तुलनेत कमी होईल.

दोन्ही बाजूंचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. एक म्हणते, प्रत्येक माणसाचं वजन सारखं हवं, मग पन्नास वर्षांपूर्वीची लोकसंख्या का धरायची? बुलढाणा जिल्ह्याचीच लोकसंख्या २०११ मध्ये २५,८६,२५८ होती. १९७१ नंतर जन्मलेल्या एकाही माणसाची या हिशोबात नोंद नाही. दुसरी बाजू म्हणते, देशानं सांगितलेलं कुटुंब नियोजन ज्यांनी पाळलं, त्यांनाच शिक्षा का?

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. पुढची राष्ट्रपती निवडणूकही २०२७ च्या मध्यावर अपेक्षित आहे, कारण द्रौपदी मुर्मू यांची मुदत त्या वर्षी जुलैमध्ये संपते. जनगणनेचे आकडे त्याआधी प्रसिद्ध झाले नाहीत, तर पुन्हा १७५ च.

मग आपल्या मताचं काय?

विधानसभेला मत देताना आपण रस्ता, पाणी, पीकविमा, एसटी, दवाखाना याचा विचार करतो आणि तो करायलाच हवा. पण त्याच बटणाबरोबर आणखी एक गोष्ट ठरते. पुढच्या पाच वर्षांत राष्ट्रपतींची निवडणूक आली, तर १७५ मूल्याचं मत कुणाच्या हाती द्यायचं, हेही आपण त्या दिवशी ठरवलेलं असतं. लोकसभेच्या बटणाबरोबर सुमारे ७०० चं.

ते मत गुप्त असेल, व्हिपशिवाय असेल आणि आपल्याला दिसणार नाही. म्हणून प्रश्न आधी विचारायचा असतो. उमेदवार गावात प्रचाराला येईल, तेव्हा पुढच्या राष्ट्रपती निवडणुकीत तो पक्षाचं ऐकणार, आघाडीचं की स्वतःचं, हे विचारून पाहायला हरकत नाही. मतपेटीत काय पडलं ते कळणार नाही, पण आधी काय बोलला होता, ते तरी लक्षात राहील.